येथे दुसरे काही बांधू नये

अभिमन पाटील वारला त्याला पाच वर्षं झाली होती, तरी तोताराम माळ्याने त्याच्याशी धरलेलं वैर काही सोडलं नव्हतं. मेलेल्या माणसाशी वैर करण्यात एक मोठी अडचण असते. तो कधी चुकत नाही, कधी पडत नाही, आणि लोक त्याच्याबद्दल वाईट बोलायचे ते बंदच होतात. तोतारामला ही अडचण रोज सकाळी मोट धरताना जाणवायची आणि रोज सकाळी तो नव्याने चिडायचा.

धुळ्याहून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पांझरेच्या काठाला पांझरखेडे नावाचा कसबा. या कसब्याला एक बाग होती, आणि बाग म्हणजे काय तर मुलांचं खेळायचं अंगणच. नदीतून आणून टाकलेल्या वाळूचा ढीग, आट्यापाट्यांच्या आखलेल्या पाट्या, गावच्या कमिटीने मागाहून बसवलेली एक लोखंडी घसरगुंडी, कडेने कण्हेर आणि जास्वंद. मधोमध निंब. दोघांच्या कवेत मावणार नाही एवढा त्याचा बुंधा, आणि एक आडवी फांदी अशी की देवाने झोका बांधायलाच ती केली असावी. सारा गाव या जागेला 'अभिमनभाऊची बाग' म्हणायचा.

इथेच तोतारामचं पोट दुखायचं. जागा अभिमनची होती, कबूल. पण जागा म्हणजे नुसता खडकाळ तुकडा, ज्वारीदेखील तिथे धड उगवत नव्हती. खड्डे खणले तोतारामने. गाळाची माती डोक्यावरून वाहिली तोतारामने. बावीस उन्हाळे मोट हाकून प्रत्येक रोपट्याला पाणी पाजलं तोतारामने. वाळूतले काटे वेचले, पडलेल्या पोरांच्या गुडघ्यांना हळद लावली, ती तोतारामने. आणि नाव? नाव अभिमनचं! राबतो कोण आणि मिरवतो कोण.

तसे दोघे एकाच गल्लीतले, एकाच डोहात पोहायला शिकलेले. पण पोहायला उतरले की अभिमन आधी पलीकडे पोहोचायचा. झोक्यावर बसले की अभिमनचा झोका वर जायचा. मोठेपणी एकाच्या शेताला पाण्याचा झरा लागला, दुसऱ्याच्या शेतात कातळ लागला. अभिमनला एक मुलगा आणि चार मुली झाल्या. तोताराम आणि सुंदरबाईच्या घरात पाळणा काही हलला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अभिमन स्वभावाने चांगला होता. भांडला असता, चार शब्द टोचून बोलला असता, तर तोतारामला मोकळेपणाने त्याचा राग करता आला असता. तो रस्त्यात भेटला की "काय तोताराम, खुशाल ना?" म्हणून खांद्यावर हात ठेवायचा. तो हात घरी जाईपर्यंत तोतारामच्या खांद्यावरून उतरत नसे.

एकोणीसशे एकवीस साली आखाजीच्या दिवशी बाग खुली झाली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पण खानदेशात तिची मिजास दिवाळीहून मोठी, कारण त्या दिवशी सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आमरस-पुरणपोळी खातात आणि झाडाला बांधलेल्या झोक्यावर दिवसभर गाणी म्हणतात. अभिमनने जागा दिली तीही त्याच कारणाने. त्या वेळी कागदबिगद कोण करतो? त्याने चार लोकांत शब्द दिला, आणि कमिटीने त्या शब्दाची शिळा करून फाटकाशी बसवली. पाथरवट वेळेवर मिळाला नाही म्हणून गवंड्याने दगडावर चुन्याचा जाड थर दिला आणि चुना ओला असतानाच त्यात अक्षरं कोरली. मामलेदारांनी ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली, मध्ये एकदा खोकले, आणि पुढे वाचली. मग अभिमनच्या गळ्यात हार पडला. तोताराम मोटेचे बैल धरून पाठीमागे उभा होता. त्याच्या हाताला अजून मातीच होती. त्याला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अरे, त्या तोतारामला पण बोलवा पुढे. कुणी म्हणालं नाही.

त्याच पावसाळ्यात पांझरेला पूर आला आणि पाणी बागेच्या फाटकापर्यंत चढलं. पाणी ओसरल्यावर तोताराम सगळ्यांच्या आधी तिथे गेला. शिळा जागच्या जागी होती, नुसती कलंडली होती. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग पहार घालून शिळा उपटली, ओढत विहिरीवर नेली, आणि मोटेचं पाणी जिथे ओतलं जातं त्या थारोळ्यात तळाच्या फरशीजागी पालथी घालून बसवली. संध्याकाळी गावाला सांगितलं, "शिळा पूरमा वाही गयी." गावाने हळहळ केली. अभिमन आला, रिकामी जागा पाहिली आणि म्हणाला, "जाऊ दे. निंब ते शे ना." बस, एवढंच! शिळेसाठी तो रडला असता, आदळआपट केली असती, तर तोतारामच्या जिवाला थोडा तरी थंडावा मिळाला असता.

तेव्हापासून बावीस वर्षं रोज सकाळी मोटेचं पाणी धो धो करत अभिमनच्या नावाच्या पाठीवर पडत होतं. तोतारामला त्याचं सुख होतं का? होतं तर. पण ते सुख कसं, तर खरूज खाजवल्याचं. थारोळ्याशी उभा राहिला की मामलेदारांचा तो आवाज त्याच्या कानात सुरू व्हायचा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मधल्या खोकल्यासकट.

आणि वर्षातून एकदा आखाजी यायची, ती तर त्याचा अंतच पाहायची. झोक्याचा दोर तो स्वतः वळायचा. अंबाडी भिजवून, सोलून, पिळून, तीनपदरी, मनगटाएवढा. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नसे. लेकीबाळी बसायच्या, दोर तुटला तर? आखाजीच्या सकाळी तो निंबावर चढून दोर बांधायचा, आणि वरून त्याला पांझरेचा उतार दिसायचा. छकडे, दमण्या, खाचरं, एकामागून एक. प्रत्येक गाडीत कुणाची ना कुणाची लेक. रीत अशी की आखाजीला आलेल्या लेकीने गावात पहिलं पाऊल बापाच्या उंबऱ्यावर ठेवायचं, तिथे तिच्या पायावर पाणी घालायचं, मग तिने झोक्यावर जायचं. अभिमनच्या दारात चार-चार गाड्या सुटायच्या. तोतारामच्या गल्लीकडे एकही बैल वळत नसे. वर फांदीवर बसून तो गाठ आवळायचा, आणि ती जरुरीपेक्षा जास्त आवळली जायची.

आता अभिमन गेला होता, तरी त्याची मोठी लेक प्रमिलाबाई शिरपूरहून दर आखाजीला भावाच्या घरी यायची आणि पहिला झोका तीच घ्यायची. तोतारामला ती 'काका' म्हणायची. तोताराम तिला नीट तोंडभर उत्तर देत नसे. आणि ती झोक्यावर असेपर्यंत दोराखालून हलतही नसे.

त्रेचाळीस सालच्या चैत्रात कमिटीची माणसं चुन्याच्या फक्कीची घमेली घेऊन बागेत आली. लढाईचे दिवस, धान्य कंट्रोलात गेलेलं, धान्याला गुदाम हवं. गुदामाला कमिटीच्या ताब्यातली मोकळी जागा हवी. अशी जागा गावात कोणती? तर बाग. त्यांनी आट्यापाट्यांच्या पाट्यांवरून पांढरी रेघ ओढली, वाळूचा ढीग आत घेतला, घसरगुंडी आत घेतली, आणि निंबाच्या बुंध्यावर फुली मारली.

"आणि हा?" तोतारामने विचारलं.

"हा आधी जाईल," कमिटीचा कारकून वना म्हणाला. "आखाजी झाली की कुऱ्हाड. पुढच्या वर्षापासून दोर वळायची तसदी घेऊ नका."

ऐकून तोताराम घरी आला आणि, खरं सांगायचं तर, पहिल्यांदा त्याच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. निंब जाणार, म्हणजे अभिमनभाऊची बागही जाणार. उद्या इथे गुदाम उभं राहील आणि लोक गुदामच म्हणतील. बावीस वर्षांत पाण्याने झालं नाही ते काम कमिटी करून देणार होती, तेही फुकट. सुंदरबाईने भाकरी वाढली. तोताराम जेवता जेवता गालात हसला.

जेवून तो ओसरीवर आला. भिजत घातलेली अंबाडी तयार होती. हात आपोआप चालू झाले. पीळ भरत गेला, दोर हातभर झाला, दोन हात झाला, आणि एकदम त्याचे हात थांबले. यापुढे दोर वळून बांधायचा कशाला? पुढच्या वर्षी पांझरेच्या उतारावरून या गाड्या येतील, त्या लेकी कुठे जातील? गुदामाच्या भिंतीला टेकून गाणी म्हणतील? त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. दोर तसाच मांडीवर पडून राहिला.

चौथ्या दिवशी बातमी ऐकून प्रमिलाबाई शिरपूरहून धावत आली. कमिटीपुढे ती उभी राहिली आणि म्हणाली की, ही जागा बाबांनी अट घालून दिलेली आहे. कमिटीने दप्तर काढलं तर त्या सालच्या वह्यांची वाळवीने माती केलेली. जागा देताना जे चार लोक हजर होते त्यांतले तिघे गेलेले, चौथ्याला आपलं स्वतःचं नाव आठवत नव्हतं. शिळा वाचताना सारा गाव हजर होता, पण तिच्यावरचे नेमके शब्द कुणालाच आठवेनात. धुळ्याहून प्रांतसाहेब जागा पाहायला येणार होते. पुरावा असेल तर त्यांच्यापुढे ठेवा, म्हणाले अध्यक्ष.

प्रमिलाबाई तडक थारोळ्याशी आली.

"काका, फाटकजवळ एक शिळा व्हती ना? बाबानं नाव व्हतं तिनावर."

"पूरमा गयी ती," तोताराम म्हणाला. "बावीस वरीस व्हयनात, पोरी."

"कोठे सापडाव नही का? नदीमा?"

"माले काय इचारस? मी त माळी शे."

ती शिळेच्या पाठीवर उभी होती. पायाखालून पाणी वाहत होतं. तिने लुगड्याच्या पदराने डोळे पुसले आणि ती परत गेली. तोताराम बैलांवर उगीचच खेकसला.

घरी सुंदरबाईने ताट समोर ठेवलं, पण ती उठून गेली नाही. शिळेचं तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या पहारेचा चिखल तिनेच धुतला होता.

"सांगी द्या," ती म्हणाली.

"लोक थुंकतीन मना तोंडवर. चोर म्हनतीन."

"म्हनू द्या. मरेल मानूससंगे कसानी चुरस करतस तुम्ही? तो ते गया. पोऱ्यासोऱ्यासनी जागा जाई राहिनी."

तोतारामने ताट सरकवलं. त्याला चोर म्हणवून घ्यायचं भय होतं, ते होतंच. पण त्याहून मोठं भय वेगळं होतं. शिळा बाहेर काढायची म्हणजे अभिमनचं नाव आपल्या हाताने धुऊन-पुसून साऱ्या गावापुढे उभं करायचं. पुन्हा हार. पुन्हा आपण बैल धरून मागे.

प्रांतसाहेब आले त्या दिवशी सगळा गाव बागेत लोटला. साहेबांनी पांढऱ्या रेघा पाहिल्या, फुली पाहिली, प्रमिलाबाईचं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. "बाई," तो म्हणाला, "तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर सरकार चालत नाही. लेखी काही आहे का?"

 घसरगुंडीवर पोरं किंचाळत होती. त्यांना फुलीचा अर्थ ठाऊक नव्हता.

"साहेब," तोताराम पुढे आला.  "शिळा पूरमा गयी नही. मी लपाडी."

गर्दी हबकली. प्रमिलाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने नजर खाली घातली ती पुन्हा उचलली नाही. दोन गडी घेऊन तो थारोळ्यात उतरला, पहार घातली, आणि शिळा बाहेर काढून उलथी केली.

चुना गेला होता. बावीस वर्षांच्या पाण्याने थर सुटून गेला होता, नुसता काळा दगड उरला होता. कुठे कुठे चुन्याचे खपले चिकटून होते. वना कारकून गुडघ्यावर बसून बोट फिरवू लागला.

"दुसऱ्या ओळीत 'करांच्या' दिसतंय. मग शेवटी 'खे'. तिसऱ्या ओळीत 'झो'. चौथीत 'बां' आणि 'नये'. बाकी काही नाही, साहेब."

"आणि पहिली ओळ? नाव?"

"साफ गेलंय."

साफ गेलंय! तोतारामने जन्मभर ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. अभिमनचं नाव जगाच्या पाठीवरून पुसलं गेलं होतं, आणि तेही तोतारामच्याच पाण्याने. त्याने मनात आनंद शोधला. तिथे काही नव्हतं. साहेब हात झटकून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्यावरून काही ठरवता येणार नाही."

आता गप्प बसलं की सगळं मिटत होतं. कबुली दिली होती, शिळा काढली होती, करायचं ते केलं होतं. अभिमनचं नाव तेवढं राहून जात होतं, त्याला तोताराम काय करणार?

"मी सांगस," तोताराम म्हणाला.

त्याने डोळे मिटले. आणि त्या अंगठेबहाद्दर माळ्याच्या तोंडून मामलेदारांची छापील भाषा बाहेर पडली, अगदी त्याच ठेक्यात: "श्रीयुत अभिमन उखा पाटील यांनी ही जागा व हा निंबवृक्ष," इथे तो थांबला आणि मामलेदार खोकले होते तसा खोकला, "गावातील लेकरांच्या खेळासाठी व माहेरवाशिणींच्या आखाजीच्या झोक्यासाठी कायमचा दिला आहे. येथे दुसरे काही बांधू नये. शके अठराशे त्रेचाळीस, अक्षय तृतीया."

वना कारकुनाने त्याला पुन्हा सांगायला लावलं आणि बोटाने जागा मोजल्या. 'लेकरांच्या' मधलं 'करांच्या' बरोबर जागेवर आलं. 'खेळासाठी'चा 'खे' ओळीच्या टोकाला आला. 'झो' जुळला, 'बां' जुळला, 'नये' जुळलं. तिसऱ्यांदा सांगायला लावलं, तरी एक काना इकडचा तिकडे झाला नाही.

"तुम्हाला वाचता येतं?" साहेबांनी विचारलं.

"नही, साहेब."

"मग एकदा ऐकलेलं बावीस वर्षं पाठ कसं राहिलं?"

"मना पोटमा खुपे ते," तोताराम म्हणाला. "खुपस ते मानूस इसरस का?"

साहेब शिळेशी वाकले आणि उरलेल्या अक्षरांवरून त्यांनी स्वतः बोट फिरवलं. मग त्यांनी वनाला सगळं उतरवून घ्यायला सांगितलं, त्याखाली तोतारामचा अंगठा घेतला, आणि गुदामाला बाजाराच्या मागची पडीक जागा दाखवली. निंबावरची फुली त्याच दुपारी पोरांनी ओल्या फडक्यांनी पुसली. तोतारामला कमिटीने बोलावून घेऊन चार माणसांत भरपूर झाडलं. कामावरूनही काढणार होते, पण ते बैल दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात, म्हणून तेवढं राहिलं. गावात काही दिवस पोरंसोरं त्याच्याकडे बोट दाखवायची. प्रमिलाबाई त्याच्याशी एक शब्द न बोलता शिरपूरला निघून गेली. ते मात्र त्याला फार लागलं.

नवी शिळा आखाजीच्या आदल्या दिवशी बसली. या वेळी खरा पाथरवट होता आणि अक्षरं खोल होती. तोतारामने ती हाताने चाचपून पाहिली. वनाला विचारलं, अभिमनचं नाव कोणतं? वनाने बोट ठेवलं. "लई मोठं करी टाकं रे भो," तोताराम कुरकुरला, "पहिलं इतलं मोठं नव्हतं." आणि फडक्याने त्याने ते नाव पुसून घेतलं.

आखाजीच्या सकाळी तो निंबावर चढला. दोर टाकला, गाठ मारली, आणि सवयीने पांझरेच्या उताराकडे पाहिलं. गाड्या येत होत्या. शिरपूरकडचा छकडा त्याने लांबूनच ओळखला, बैलाच्या शिंगाला तांबडा गोंडा होता. छकडा वेशीतून आत आला, पाटलाच्या वाटेला लागला, आणि तिथून पुढे गेला. पाटलाचं घर मागे टाकलं. तोतारामच्या गल्लीकडे वळला.

तो एवढ्या घाईने उतरला की गुडघा सोलला. धापा टाकत घरी पोहोचला तेव्हा सुंदरबाई हातात तांब्या घेऊन दारात उभी होती आणि रडत होती. प्रमिलाबाई उंबऱ्याबाहेर थांबली होती. तिच्या हातात सांजोऱ्यांचं फडकं होतं.

"काका, मी लई रागमा गयती," ती म्हणाली. "मंग वाटवर आठवनं. शिळा गयी तधय मी बाबाले म्हने, आते तुम्हनं नाव कसं ऱ्हाई? बाबा थारोळाकडे देखीसन हासनात नि म्हने, शिळा जाऊ दे. तोताराम शे ना तठे."

 म्हणजे अभिमनला ठाऊक होतं? थारोळ्यावर येऊन तो पाणी प्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा, तेव्हा सगळं ठाऊक होतं? मेला लेकाचा! शेवटी इथेही वरचढ ठरला! तोतारामच्या पोटात जुनी आग भडकली, आणि त्याचे डोळे कधी भरून आले ते त्याला कळलं नाही.

सुंदरबाईने पायांवर पाणी घातलं. अभिमन पाटलाच्या लेकीने आखाजीचं पहिलं पाऊल तोताराम माळ्याच्या उंबऱ्यावर ठेवलं. तोतारामने मान वळवून गल्लीच्या टोकाकडे, पाटलाच्या घराकडे पाहिलं. साऱ्या जन्मात आज पहिल्यांदा त्याच्या दारात असं काही आलं होतं की अभिमनने पाहून जळावं. आणि जळायला अभिमन नव्हता.